पाणी अजून आलेलं नाही

फुमिए कामिओसावा गावाला उतरली तेव्हा बस रिकामी झाली. तिच्याशिवाय बसमध्ये कुणी नव्हतंच.

"परतीची बस चार वाजता, आजी," चालक म्हणाला. "ती चुकवू नका. इथे हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही."

कोळशाची खाण कधीच बंद पडली होती. डोंगर मात्र ऑक्टोबर आला की लालभडक होई, कुणी बघो न बघो. थांब्यासमोरच्या एका चहाच्या दुकानातून तेवढा धूर निघत होता. दुकान किनूचं, दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं. ऐंशी उलटलेली, वाकलेली बाई. सगळे गेले, ती राहिली.

"कुठून आलात?"

"सापोरोहून. पानं बघायला."

"पानं काय, सापोरोतही गळतात की." किनूनं हसत चहा पुढे ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाली, "वर खाण बुजवलेल्या भिंतीपाशी जाणार असाल तर जा. पण तिथे बोलू नका काही."

"का?"

"आतून उत्तर आलं की मग थांबत नाही लवकर… आणि इथे मी एकटीच असते, बाई."

एकटेपणानं माणूस असं बोलू लागतं, फुमिएला वाटलं. तिनं आपलं नाव सांगितलं नाही.

चढणीवर खाणकामगारांच्या चाळी गवतात बुडाल्या होत्या. तिसऱ्या ओळीतलं फुमिएचं लहानपणचं घर छपरासकट बसलं होतं. उंबरा तेवढा शाबूत. त्याच उंबऱ्यावर साठ वर्षांपूर्वी कंपनीची दोन माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. खाणीत आग लागून तीन दिवस झाले होते. ती विझवायला बोगद्यात नदी सोडायची होती, आणि आत माणसं होती. त्यांत तिचे वडील होते. आत कुणी जिवंत नाही, असं ती माणसं सांगत होती. घराघरातून संमती हवी होती. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. कितीही हाका मारल्या तरी वळेना. शेवटी अकरा वर्षांच्या फुमिएनं खणातून सहीऐवजी वापरायचा घराचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. त्या मोठ्या माणसांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला होता.

काकांनी शिक्का मारला, असं आई मरेपर्यंत समजत होती. फुमिएनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आता सांगायला कुणी उरलंही नव्हतं.

बोगद्याचं तोंड काँक्रीटनं बुजवलेलं होतं. तळाशी मनगटाएवढा लोखंडी पाइप, आतून कोरडा ठाक. तिनं भाताचे दोन गोळे पानावर ठेवले, गुडघे टेकले.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "शिक्का मी मारला होता."

वारा पडला. गळणारी पानंही थांबल्यासारखी झाली. पाइपातून जळक्या कोळशाचा उबट वास आला.

"कोण आहे… तिकडे?"

आवाज दमलेला होता. तो तिनं लगेच ओळखला.

"मी… फुमिए."

"फुमिए लहान आहे. घरी आहे ती. तुम्ही कोण, आजी?"

तिनं पाइपाच्या तोंडाशी कान नेला.

"वर निरोप द्याल का? आम्ही चौदा जण आहोत. सगळे जिवंत. पाणी अजून आलेलं नाही… त्यांना म्हणावं, सोडू नका."

फुमिएनं कपाळ त्या गार भिंतीला टेकलं. "नाही सोडणार, बाबा," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. कुणी सोडणार नाही."

आत खोलवर काहीतरी हललं. पाइप गुरगुरला, आणि त्यातून काळं पाणी वाहू लागलं. आधी धार, मग लोंढा. ते कोमट होतं.

ती धडपडत खाली आली तेव्हा रस्त्याकडेच्या गटारातून पाणी तिच्याही पुढे पोचलं होतं. किनू दारात उभी होती.

"काय सांगितलंत त्यांना?"

"पाणी सोडणार नाहीत म्हणून."

किनू पाण्याकडे बघत राहिली. "माझा नवराही आहे आत. रोज तेच विचारतो, पाणी सोडणार का म्हणून. मी साठ वर्षं उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "उत्तर दिलं असतं तर ते वर आले असते."

बसनं भोंगा दिला. "माझ्याबरोबर चला, किनूसान," फुमिएनं तिचा हात धरला.

किनूनं तो हलकेच सोडवला. "आता कशी येऊ? कामावरून येतील, तर दारात कुणीतरी नको?"

बस सुटली. मागच्या काचेतून फुमिए बघत राहिली. रिकाम्या ओल्या रस्त्याच्या कडेला उभी राहून किनू कमरेत वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती, प्रत्येकाला वेगळा नमस्कार करावा तशी. फुमिए नकळत मोजू लागली.

चौदा झाले. बस वळणावर आली, तरी किनू वाकतच होती.