वाईट नवऱ्याचा दाखला

परदेशी लोकांच्या कचेरीत मला माझा नवरा भेटला, आणि तोही योगायोगानं.

"तू इथे?" ग्यु-होनं विचारलं.

"मी मंगोलियाची आहे. मला बोलावतात. तू याच देशाचा ना, तू कशाला आलास?"

"सहज."

त्या कचेरीत सहज कुणी जात नाही. ग्यु-होचे कान लाल झाले होते, पण बाहेर बर्फ पडत होता, त्यामुळे थंडीवर ढकलता आलं.

शरद ऋतूपासून आम्ही वेगळे राहत होतो. तो वर डोंगरातल्या गावी मासे वाळवायचा. मी खाली शहरात थंड शेवयांच्या खानावळीत काम करायचे. हिवाळ्यात तिथे गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि त्याचा दोष मालकीणबाई मला देत. आमचं भांडण असं झालंच नव्हतं. ग्यु-हो भांडत नाही. तो सगळ्याला 'बरं' म्हणतो. एका संध्याकाळी वैतागून मी म्हणाले, "मी जातेय!" तो म्हणाला, "बरं." मग माझी बॅग उचलून स्टँडपर्यंत आला आणि खिडकीची जागाही धरून दिली.

काचेपलीकडच्या बाईंनी माझा नंबर पुकारला. "ओयुना? तुमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज नवऱ्याच्या आधारावर उभा आहे. आता पत्ते दोन झालेत. वेगळं होण्यात चूक नवऱ्याची असेल, तर तुम्हाला राहता येईल. तुमची असेल तर... मंगोलियात सध्या हवा कशी आहे?"

"इथल्यापेक्षा वाईट."

"चूक माझी!" मागून ग्यु-हो ओरडला. "सगळी माझी. मी फार वाईट माणूस आहे!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या ओल्या छत्रीचं पाणी फरशीवर सांडू नये, म्हणून तो ती स्वतःच्या टोपीत धरून उभा होता.

"पुरावा आणा," बाई म्हणाल्या. "गावच्या सरपंचांचा दाखला चालेल."

बाहेर पायऱ्यांवर तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "किंवा... तू घरी ये. मग पत्ता एकच."

"शिक्क्यासाठी? मग मी तुझ्यासाठी आले की कागदासाठी, हे मला तरी कधी कळणार?"

त्यानं माझी छत्री काखेत धरली. मग म्हणाला, "बरं."

मी त्याला छत्रीनं मारलं असतं, पण ती त्याच्याकडे होती.

"मग वाईट व्हावं लागेल तुला," मी म्हणाले. "जमेल?"

"सराव करीन."

"अर्धवट वाईट नाही चालणार हं."

"मग तू... शिकव ना." असं म्हणताना त्यानं अशा नजरेनं पाहिलं, की मला उगीचच मफलर नीट करावा लागला.

आठवडाभरात गावच्या घराशेजारच्या होंगआजींचा फोन. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला झालंय काय? काल पिऊन गल्लीत दंगा करायला निघाला होता. एका पेल्यात झोपला! आणि त्याआधी घरोघर जाऊन सांगून आला, थोडा आवाज होईल, माफ करा म्हणून. मग कुत्र्याला लाथ मारायला गेला. कुत्र्याला वाटलं खेळतोय. आता ते त्याला सोडत नाही."

शेवटी सरपंच माएंगकाकांनी गावच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "ग्यु-होला बायकोशी वाईट वागताना कुणी पाहिलं असेल, त्यांनी सभागृहात यावं. कॉफी मिळेल."

अख्खं गाव आलं. मीही शहरातून आले. कॉफी संपली. पुरावा काही मिळेना.

"माझ्या छपरावरचा बर्फ यानं मला न विचारता काढला," एक म्हातारे म्हणाले. "धरता येईल का?"

"पत्त्यांत मुद्दाम हरतो. अपमान वाटतो माणसाला."

"सूनबाईच्या सुपात एकदा मीठ जास्त घातलं होतं त्यानं," होंगआजींनी जोर लावला.

"ते मी घातलं होतं, आजी," मी म्हणाले.

माएंगकाकांनी शिक्का परत डबीत ठेवला. "खोटा दाखला मी देणार नाही. सूनबाई, तूच सांग. काय केलं यानं?"

"काही नाही केलं," मी म्हणाले. "तेच तर. मी जाते म्हणाले, यानं अडवलं नाही, उलट बॅग उचलून दिली, जागा धरून दिली. काका, मला जायचं कुठे होतं? नुसतं एकदा कुणी विचारायला हवं होतं... का जातेस?"

होंगआजींनी कप खाली ठेवला.

"बॅग यानंच उचलून दिली?"

"हो."

"जागासुद्धा धरली?"

"खिडकीची."

"नालायक!" आजी कडाडल्या, आणि ज्यांच्या छपरांवरचा बर्फ त्यानं काढला होता ती सगळी माणसं त्याच्याकडे वळून बघायला लागली. ग्यु-हो मान खाली घालून उभा होता. काकांनी डबी उघडली आणि शिक्का असा मारला, की टेबल हललं.

कचेरीतल्या बाईंनी दाखला पुन्हा पुन्हा वाचला. "बॅग उचलून दिली... हा छळ कुठल्या प्रकारात घालू?"

"मानसिक," माझ्या मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली. "आमचाही तसलाच आहे."

बर्फ वितळायला लागला तेव्हा कार्ड आलं. कायमचं वास्तव्य, माझ्या एकटीच्या नावावर. मी पहिली बस धरून गावी गेले. ग्यु-हो मांडवावरून वाळलेले मासे उतरवत होता.

"मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं. आता तुझ्याशिवाय मी या देशात आरामात म्हातारी होऊ शकते. सरकारी परवानगी आहे."

"छान झालं," तो म्हणाला. आणि खरंच हसला.

"का नाही अडवलंस, ग्यु-हो?"

त्यानं हातातले मासे खाली ठेवले. "तेव्हा तुझे कागद माझ्या हातात होते. मी थांब म्हटलं असतं, तर... तो हुकूम झाला असता. तुला नाही म्हणता आलं नसतं." तो थांबला. "आता येतं. आता विचारू?"

तेवढ्यात वळून उभ्या राहिलेल्या बसनं हॉर्न दिला. "ताई, परत येताय ना?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही येत ती!" ग्यु-हो एवढ्या जोरात ओरडला, की गावातली कुत्री भुंकायला लागली. मग तो स्वतःच घाबरला. "म्हणजे... तू ठरव. मी आपलं—"

"पुढे बोल."

"थांब ना, ओयुना. मला... मला तू हवी आहेस."

बस गेली. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. गार, खरखरीत हात.

"माशांचा वास लागेल तुला," तो पुटपुटला. "सोडू?"

"सोडून तर बघ," मी म्हणाले. "आता मला इथून कुणी हलवू शकत नाही. तू तर नाहीच."