खिडकीतल्या बाईची परवानगी

“परवानगी आणा, नाहीतर चित्र भिंतीवर लागणार नाही,” गॅलरीच्या व्यवस्थापकाने सांगितलं आणि कात्रीबाईचं डोकंच फिरलं. जुन्या फोटोंतली माणसं कापून ती आपल्या चित्रांत चिकटवायची, म्हणून मैत्रिणींनी हे नाव ठेवलेलं. पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि सगळ्यात मोठं चित्र जिच्याभोवती रचलं होतं ती बाई अशीच कापलेली. खिडकीत बसून सरळ समोर बघणारी. फोटो रद्दीत मिळाला होता, फोटोग्राफर केव्हाच वारला होता. मग परवानगी मागायची कुणाची? त्याच्या भुताची?

तरी फोटोमागच्या शिक्क्यावरच्या पत्त्यावर ती तणतणत गेली. फोटोग्राफरची धाकटी बहीण त्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओतच राहत होती. पडद्यांना कोंदट वास होता, कोपऱ्यात तिपाईवरचा कॅमेरा कापडाखाली झाकलेला. कात्रीबाई उभ्याउभ्याच तावातावाने बोलत होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून एका पुरुषाने अदबीने विचारलं, “जरा खिडकीशी बसता? उजेड चांगला आहे. चालेल?”

“चालेल, चालेल,” म्हणत ती खुर्चीत धपकन बसली. असेल घरातलं कुणीतरी.

सोबत आणलेला मूळ फोटो तिने पुढे टाकला. त्यातल्या खिडकीत बाईच्या जागी आता भोक होतं. बहिणीने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“माझी काही हरकत नाही. पण दादा विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढत नसे. तुम्ही हिला विचारलंत?”

“अहो, कागदाला काय विचारायचं?”

“त्याने विचारलं तसंच. तोंडाने.”

फोटो तिथेच टाकून कात्रीबाई तरातरा निघाली. अडलेल्या माणसाची फिरकी घ्यायला लोकांचं काय जातं!

घरी आली तर चित्रातली बाई बाजूला बघत होती. डिंकाने कागद फुगतो, त्यामुळे मान वळल्यासारखी दिसते, असं तिने स्वतःला बजावलं. सकाळी मात्र बाईची पाठ दिसत होती. सैल अंबाडा, मानेवर सुटलेली एक बट. फोटोत हे काहीच नव्हतं.

“तुझं काय गेलं गं?” ती चित्रावरच ओरडली. “रद्दीत कुजत होतीस! मी तुला भिंतीवर नेतेय, तर मलाच तोरा दाखवतेस?” एवढं बोलली, पण विचारलं नाही ते नाहीच. उलट आणखी डिंक लावून कडा दाबून बसवल्या.

बहिणीची हरकत नाही, एवढं सांगून तिने चित्र भिंतीवर लावून घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी चित्रावरची काच जशीच्या तशी होती. आत, बाईच्या जागी, बाईच्या आकाराचा कोरा कागद होता. व्यवस्थापकाने चित्र उतरवायला घेतलं.

कात्रीबाई थेट स्टुडिओत पोचली. “चोरलीत ना तिला? माझं चित्र उतरवलं त्यांनी!”

बहिणीने भिंतीकडे बोट दाखवलं. कापलेला फोटो तिथे टांगला होता. भोक बुजलं होतं. खिडकीत एक बाई बसली होती, भांडताना तोंड उघडं राहिलेली.

ती कात्रीबाई होती.

“मला कुणी विचारलं?” संतापाने तिचा आवाज चिरकला. “माझ्या परवानगीशिवाय...”

“असं कसं? दादाने विचारलं होतं की. तुम्हीच ‘चालेल’ म्हणालात.”

आतल्या खोलीत, फोटो धुताना होतो तसा, पाणी ओतल्याचा आवाज झाला. कॅमेऱ्यावर आज कापड नव्हतं.

“आणखी एक काढतो,” तोच अदबशीर आवाज म्हणाला. “चालेल?”

उभ्या जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या कात्रीबाईने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले.

बहिणीने पदराने खिडकीजवळची खुर्ची पुसली.