संध्याकाळी न वळणारा चेंडू

१९४१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोलीच्या छावणीच्या मैदानावर ज्ञानबाने एकतीस दिवस रोज सकाळी सहा आणि रोज संध्याकाळी सहा उलटे चेंडू टाकले. सकाळच्या एकशे शहाऐंशी चेंडूंपैकी एकशे बारा वळले. संध्याकाळच्या एकशे शहाऐंशींपैकी तीन वळले. चेंडू तोच होता, खेळपट्टीवरची काथ्याची चटई तीच होती, हात तोच होता.

ज्ञानबाची आणि माझी पहिली भेट झाली ती मात्र चेंडूमुळे नव्हे, कवठामुळे. संक्रांतीच्या आधीचा जवळा बाजारचा आठवडी बाजार होता. माझी आत्या, पंचफुलाबाई, कवठांच्या ढिगापाशी बसून प्रत्येक कवठ कानाजवळ हलवून पाहत होती. मी शेजारी उभी होते. इतक्यात एक कवठ धुळीत एक टप्पा घेऊन माझ्या चपलेवर येऊन आदळले. मी मागे पाहिले. दहा पावलांवर एक उंच, सावळा तरुण हात तसाच हवेत धरून उभा होता – आपण काय केले हे त्यालाच नुकते समजले असावे, असा.

तो क्षमा मागू लागला. मला क्षमा नको होती. त्याचे मनगट डावीकडे फिरले होते आणि कवठ टप्पा पडल्यावर उजवीकडे आले होते. पुण्यात दोन वर्षे विज्ञान शिकून मी नुकती परतले होते. अशी गोष्ट तशीच सोडून देणे मला शक्य नव्हते.

"पुन्हा टाका," मी म्हणाले.

"लागलं का तुमाला?"

"नाही. पुन्हा टाका."

त्याने हातातले दुसरे टाकले. कवठ पुन्हा उलट्या दिशेने वळले आणि मी नकळत हसले. त्याने ते पाहिले... मग दोघांनीही घाईने कवठाकडे पाहिले.

"तुमी मास्तरीण हाय का?" त्याने विचारले.

"आहे. का?"

"न्हाई, वर्गात उभं केल्यावानी वाटलं."

आत्याने दोन्ही कवठांचे पैसे त्याच्याकडूनच घ्यावेत, असे कवठवालीला सांगितले आणि मला दंडाला धरून पुढे नेले.

तो शिरड शहापूरच्या एका लहान शेतकऱ्याचा धाकटा मुलगा होता, हे मला चारच दिवसांनी घरी कळले. हिंगोलीच्या जिनिंगचे मॅनेजर रामसिंग हे क्रिकेट क्लबचे कप्तान होते आणि माझे वडील, किसनराव, क्लबचे चिटणीस. ज्ञानबाचा चेंडू पाहून रामसिंगांनी त्याला हंगामापुरते कापसाच्या काट्यावर घेतले होते. अट सरळ होती. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी परभणीच्या संघाशी सामना होता. त्यात त्याची गोलंदाजी चालली, तर त्याला बारमाही काम मिळणार होते. चालली नाही, तर हंगाम संपताच तो शिरड शहापूरला थोरल्या भावाच्या शेतावर परत जाणार होता.

त्याच्याजवळ दोन चेंडू होते. एक सरळच जाणारा. दुसरा फलंदाजाच्या पायांकडून बाहेर वळणारा. परभणीकरांना हे दोन्ही ठाऊक होते. तिसरा त्याने स्वतःच कवठांवर शोधून काढला होता – हात दुसऱ्यासारखाच फिरवायचा, पण चेंडू बाहेरून आत आणायचा. मोठ्या शहरांत त्याला गुगली म्हणतात. ज्ञानबा 'उलटा' म्हणे. कवठ उलटे वळे, पण चेंडू दहांतून दोनदा. बाबांनी ठरवले की रोज दोन्ही वेळा सराव व्हावा आणि त्याची नोंद ठेवावी. सकाळी मुलींची शाळा असल्याने मला वेळ नव्हता, म्हणून सकाळची नोंद बाबा ठेवत. संध्याकाळी बाबांना अडतीत जावे लागे, म्हणून तेव्हाची नोंद मी ठेवत असे. आत्या सोबत येई. मिश्री लावत ती निंबाखाली बसे आणि क्रिकेट हा रिकाम्या माणसांचा खेळ असल्याचे रोज एकदा सांगे.

पहिल्याच आठवड्यात मी चेंडूच्या अर्ध्या भागाला चुना लावला, म्हणजे तो हवेत कोणत्या अंगाने फिरतो ते स्पष्ट दिसावे. ज्ञानबाने चेंडू हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"पान लावलं व्हय याला?"

"चेंडू सोडताना करंगळीकडची बाजू आधी पुढे गेली पाहिजे. हाताची पाठ फलंदाजाला दिसली पाहिजे. डावा खांदा खाली आला पाहिजे."

"तुमी कधी टाकला का चेंडू?"

"नाही."

"मंग येवढं कसं ठाऊक?"

"मी पाहते."

"व्हय," तो म्हणाला, "मी बी."

या उत्तराचा चेंडूशी काय संबंध, ते मला त्या दिवशी कळले नाही. मी ते वहीत लिहिले नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाबांचे आकडे आणि माझे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा वर दिलेली विसंगती प्रथम दिसली. अशा वेळी माणसे दृष्ट लागली म्हणतात, आत्या म्हणालीही. मी शक्यता एकेक करून तपासू लागले.

पहिली शक्यता दव. पहाटे चटई ओलसर असते, ओल्या चटईला चेंडू धरतो. मी संध्याकाळी दोन कळशा पाणी चटईवर शिंपडायला लावले. एकही चेंडू वळला नाही. दुसरी शक्यता कापूस. दिवसभर कापूस हाताळून बोटे कोरडी पडतात आणि चेंडू निसटतो. शुक्रवारी संस्थानात सुट्टी, जिनिंग बंद असे. त्या दिवशी त्याने कापसाला स्पर्शही केला नव्हता. चेंडू तरीही वळला नाही. तिसरी शक्यता थकवा. पण थकलेल्या हाताचा नेहमीचा, बाहेर जाणारा चेंडू संध्याकाळीही सकाळइतकाच वळत होता. बिघडत होता तो फक्त उलटा.

हे सगळे ज्ञानबा निमूटपणे करी. ओल्या चटईवर अनवाणी पायांचे ठसे उमटत. जिनिंगकडून वाऱ्यावर येणारे कापसाचे तंतू त्याच्या केसांत अडकलेले असत. एकदा मी त्याला तसे सांगितले. त्याने चुकीच्या बाजूचे केस झटकले. "इकडे," मी म्हणाले आणि हात पुढे केला... मग आवरून घेतला. आत्या खाकरली.

चौथी शक्यता त्यानेच सुचवली. मनगट नीट दिसावे म्हणून माझी खुर्ची त्याच्या पाठीमागे असे.

"यशोदाबाई, एक सांगू? मागं मोठ्या घरचं मानूस बसलं की आमच्या गावात पाठ करून उभं ऱ्हात न्हाईत. तुमी किसनरावांच्या लेक. सारखं वाटतं, चूक करून राहिलो. मान मागं येती."

"खुर्ची हलवली तर वळेल?"

"वळंल की."

त्याच्या गावचा हा रिवाज मला माहीत होता. देवाकडे पाठ करून देवळातूनही माणूस निघत नाही. कारण पटण्याजोगे होते, म्हणून मी खुर्ची उचलून त्याच्या उजव्या हाताला, चटईपासून वीस पावलांवर ठेवली. त्या संध्याकाळी सहा चेंडूंपैकी एकही वळला नाही. पुढच्या संध्याकाळीही नाही.

सामन्याला चार दिवस उरले होते. रामसिंगांनी बाबांना सांगितले की सकाळीच चेंडू वळवणारा गोलंदाज त्यांच्या काय कामाचा. सामना दुपारी होता. ज्ञानबाने ते ऐकले. त्या दिवशी तो माझ्याशी एकही शब्द बोलला नाही आणि मी घरी येऊन जेवले नाही. अपयशी प्रयोगाने माणसाची भूक जात नसते, हे मला पुण्याच्या अनुभवावरून ठाऊक होते. म्हणजे कारण दुसरे होते. ते मी तपासायचे टाळले.

दुसऱ्या दिवशी बाबांना तापाची कणकण आली. मी शाळेत रजा कळवली आणि सकाळची नोंद करायला आत्याला घेऊन स्वतः गेले. दव होते. बोटे ताजी होती. हात विसावलेला होता. ज्ञानबाने मला पाहिले, थबकला आणि सहा चेंडू टाकले. एकही वळला नाही.

मी वहीकडे बराच वेळ पाहत बसले. सकाळ आणि संध्याकाळ हा भेद उरला नव्हता. मग भेद होता तरी कोणता?

"पोरी," आत्या शेजारून म्हणाली, "तू चेंडू मोजून राहिली, अन् मी त्याची मान मोजून राहिले. दर उलट्याला तुझ्याकडं वळती. सरळ्याला न्हाई. सरळा त्याला झोपेत बी पडतो."

मी उठून चटईपाशी गेले. तो चेंडू विजारीवर घासत उभा होता.

"सकाळी बाबा बसतात तेव्हा वळतो. मी बसते तेव्हा वळत नाही. आज सकाळीही वळला नाही," मी म्हणाले. "चेंडू सोडताना तुम्ही कुठे पाहता?"

"खरं सांगू?"

"खोटे सांगून आकडे बदलणार नाहीत."

"तुमच्याकडं."

"आणि पाठ दाखवायची नसते, ते?"

"ते बी खरंच हाय. पर तेवढंच न्हाई." त्याने चेंडू या हातातून त्या हातात घेतला. "सरळा टाकताना मन दुसरीकडं लागत न्हाई. उलटा नवा हाय... पडला का न्हाई, ते आधी तुमच्या तोंडावर दिसतं. म्हनून पाहतो."

"कधीपासून?"

"जवळ्याच्या बाजारापासून. तवा तुमी हसल्या व्हत्या."

मी जे बोलले ते तर्काला धरून होते. सामना त्याच्या पोटाचा प्रश्न होता. अडथळा ज्ञात होता. म्हणून मी शुक्रवारी मैदानावर येणार नाही, असे मी त्याला सांगितले.

तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तुमी न्हाई आल्या तर चेंडू वळंल, यशोदाबाई. पर मंग वळवायचा कशापायी?"

मी आत्याला घेऊन घराकडे निघाले. उत्तर नसलेली गोष्ट मला सहसा अस्वस्थ करते. त्या दिवशी तसे झाले नाही.

घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला. उलटा पडण्यासाठी डावा खांदा खाली यायला हवा. उजवीकडे पाहणाऱ्या माणसाचा डावा खांदा वर उचलला जातो. मागे पाहू जाणाऱ्याचे सगळे अंगच उघडते. खुर्चीच्या दोन्ही जागा चुकीच्या होत्या. पाहणे थांबवण्याची गरजच नव्हती.

"शुक्रवारी मी तुमच्या डाव्या हाताला बसेन," मी त्याला संध्याकाळी सांगितले. "लांब. जमिनीवर, खुर्चीवर नाही. म्हणजे नजर खाली येईल आणि नजरेबरोबर खांदाही."

"मला तर कुठं बी चालतं."

"चेंडूला चालत नाही."

तो हसला. त्या संध्याकाळी सहांपैकी चार वळले. उरलेल्या दोन दिवसांत बारांपैकी नऊ. हे आकडे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

शुक्रवारी परभणीकरांना जिंकायला अकरा धावा हव्या होत्या आणि त्यांचा एकच गडी बाद व्हायचा उरला होता. समोर त्यांचे जुने खेळाडू, एक वकील, पन्नास धावा करून उभे होते. मैदानाच्या डाव्या कडेला बैलगाड्यांच्या सावलीत बायका बसल्या होत्या. त्यांत आत्या आणि मी. ज्ञानबाने चार चेंडू बाहेर वळवले. वकील साहेबांनी चारही सोडून दिले. पाचव्याला तो धावत आला आणि हात वर जाताना त्याने डावीकडे, खाली पाहिले.

मी वही आणली नव्हती. मी सरळ त्याच्याकडे पाहत होते. नजरा मिळाल्या... आणि मी माझी नजर काढून घेतली नाही.

त्यामुळे चेंडू वळताना मी पाहिला नाही. आवाज ऐकला. आधी काथ्यावरचा टप्पा, मग यष्ट्यांचा. वकील साहेब चेंडू बाहेर जाणार म्हणून बॅट वर उचलून उभे होते. आत्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि हा खेळ तेवढा वाईट नाही, असे म्हणाली.

सोमवारी रामसिंगांनी त्याला बारमाही कामावर घेतले. पुढच्या पंधरवड्यात त्याचे थोरले भाऊ, मसाजी, शिरड शहापूरहून नारळ आणि उपरणे घेऊन आमच्या ओसरीवर आले. आपले घर लहान आहे, हे त्यांनी बसण्याआधीच सांगून टाकले. बाबांनी त्यांना बसायला पाट दिला. मुलीला पुण्याला शिकवले ते काट्यावरच्या माणसाला द्यायला का, हे ते बोलले नाहीत. पण ते त्यांच्या चेहऱ्यावर होते. शेवटी त्यांनी मला बाहेर बोलावले आणि सगळ्यांसमोर विचारले, "तुला खात्री आहे?"

"आहे," मी म्हणाले. "तपासून पाहिले आहे."

मसाजीभाऊंनी नारळ बाबांच्या हाती दिला, आणि बाबांनी तो घेतला.

विसंगतीचे कारण त्याच दिवशी वहीत पूर्ण लिहून ठेवले, ते असे. सकाळी नोंद बाबा करत. संध्याकाळी मी करत असे. उलटा चेंडू सोडताना गोलंदाज माझ्याकडे पाहत असे, त्यामुळे त्याचा डावा खांदा खाली येत नसे, आणि चेंडू वळत नसे. हे पहिल्याच संध्याकाळी दिसायला हवे होते. दिसले नाही, कारण प्रत्येक चेंडू त्याच्या हातून सुटण्याच्या क्षणी मी वहीत पाहत असे. त्याच्याकडे पाहताना त्याने मला पकडू नये, म्हणून.