दोन तारांवरची मोटर

नत्थूजीला जाऊन तेरा दिवस झाले होते आणि त्याची लेथ मशीन अजून गुणगुणत होती.

तपासाला आलेल्या वासुदेवरावांचा मदतनीस कवडू, त्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. भर दुपारी नालवाडीतल्या त्या बंद खोलीतून घुंऽऽ असा आवाज आला आणि थांबला. दार उघडलं तर आत कोणी नव्हतं. मागचं दार तेवढं हलत होतं.

"रोज असंच होते," नत्थूजीची बायको आनंदाबाई म्हणाली. "चाक फिरत नाई, नुसता आवाज. लोक म्हणतात, अर्धं काम पुरं कराले येतात ते."

पण तिनं वर्ध्याहून वासुदेवरावांना बोलावलं होतं ते भुतासाठी नव्हे. खाजगी तपास करणाऱ्या या माणसाकडे तिचा एकच सवाल होता.

"मशीन चालू कराच्या आधी ते दुपट्टा खुंटीले टांगत. बारा वर्षांत चुकले नाई. मंग त्या दिवशी तो गळ्यात राहून चाकात कसा गुंतला? अन् दुसऱ्याच दिवशी त्यायले साक्ष द्याची होती. कापसाच्या जिनात कामावरची धुरपता मशीनच्या पट्ट्यात सापडून मेली, ते कोणाच्या चुकीनं, हे सांगणार होते."

वासुदेवराव खोलीत फिरले. बटणाखाली काळ्या मातीची पावलं होती. चार हात पलीकडे, भिंतीशी मोटर. तिथली धूळ मोडलेली नव्हती. मोटरवर खिळ्याला हातभर काथ्याची दोरी लटकत होती.

शेजारचा बबनराव जिनात फिटर होता. "मी दारातून पाह्यलं," तो म्हणाला. "नत्थूजीनं बटण दाबलं, चाक गरकन फिरलं, दुपट्टा गुंतला. मी धावलो, पण..."

"मोटरची जोडणी कोणी केली?"

"मीच. घरच्या लाइटवरून."

नत्थूजीचा धाकटा भाऊ हरिदास मान खाली घालून बोलला, "मी वावरात होतो." त्याचे पाय काळ्या मातीनं भरलेले होते.

"हाच!" कवडू कुजबुजला.

वासुदेवरावांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि बटण दाबलं. घुंऽऽ. चाक जागचं हललं नाही. मग त्यांनी दोरी मोटरच्या दांड्याला गुंडाळून हिसका दिला. मशीन गरगरू लागली. आनंदाबाईनं डोळे मिटले.

"ही तीन तारांची मोटर. जिनात तिन्ही तारा असतात, तिथं ती बटणावर फिरते. घरी लाइटच्या दोनच तारा, म्हणून नुसती गुणगुणते. दोरीनं झटका द्यावाच लागतो. दुपारी येणाऱ्याला हे ठाऊक नाही. तो मोटरजवळ जातच नाही. म्हणजे खुनी तो नव्हे."

त्यांनी मशीन बंद केली.

"नत्थूजीच्या गळ्यात दुपट्टा होता, म्हणजे मशीन त्यानं चालू केलीच नाही. तो वाकून माप घेत होता. दोरी दुसऱ्यानं ओढली. जोडणी करणारा फिटर 'बटण दाबताच फिरलं' असं खोटं का सांगेल, बबनराव? खोलीत दुसरा माणूस होता, हे लपवायला."

बबनराव भिंतीला टेकला. "जिनात पट्ट्यावरची जाळी मीच काढून ठेवली होती. धुरपताच्या जिवाचं मले पुसलं असतं... साक्ष नको देऊ म्हून लय विनवलं नत्थूजीले. नाईच म्हणे."

कवडू पोलिसांना आणायला निघाला, तेवढ्यात हरिदास बोलला.

"वयनी, रोज दुपारी येऊन बटण मी दाबो. आवाज आला का वाटे, दादा आत हाये."

तेरा दिवसांत आनंदाबाई एकदाही रडली नव्हती. आता तिनं दिराचा हात धरला, आणि तिचा हंबरडा कवडूला रस्त्यापर्यंत ऐकू आला.