पट्ट्याचे चरे

मूलच्या बसस्टँडमागे आमचं पॉलिशचं दुकान आहे. लोक जुनं आणतात आणि नवं करून नेतात. आज्याचा पाट, लग्नातला पलंग, भजनी मंडळाची पेटी, जे म्हणाल ते. बाबांना स्पिरिटच्या वासाने दमा जडला, तेव्हापासून लाखेचा बोळा माझ्या हातात आहे. चार वर्षांत एकही गिऱ्हाईक उलटं काम घेऊन आलं नव्हतं.

म्हणून तो चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे जुनं करून पाहिजे," तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "किती जुनं हाय?"

"जुनं नाई. नवं हाय. तेच त जुनं करून पाहिजे."

आता मान वर करणं भाग होतं. उंच, सावळा, कपाळावर घाम. डोळे तांबारलेले, पण सुंदर... हो, सुंदर! आता लपवून काय करू? फक्त 'ताई' म्हणाला याचा मला तेव्हाच राग आला.

चादरीतून गिटार निघाली. इलेक्ट्रिक, लालभडक, बोट लावलं तर ठसा उमटेल इतकी चकचकीत.

"डोकं ठिकाणावर हाय ना?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "म्हून त आलो."

त्याचं नाव पवन. झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवायचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव नाटकं रंगतात आणि वाजवणारे मंचासमोर बसतात, हे मला नवं नव्हतं. नवं होतं ते पुढचं. आईबाप गेल्यावर त्याला गावातल्या नानाजींनी वाढवलं. नात्याचे ना गोत्याचे, पण घास भरवला त्यांनी आणि गिटारही शिकवली त्यांनीच. मग शुगरने नानाजींचे डोळे नेले, लकव्याने डावा हात नेला. तेव्हा त्यांनी आपली तीस वर्षांची लाल गिटार पवनच्या हवाली केली. अट एकच... दरवर्षी दसऱ्याच्या पूजेला ती त्यांच्या मांडीवर आणून ठेवायची.

"अन् मी ते हरवली," पवन म्हणाला. "मार्चमंधी. नाटक करून चंद्रपूरले चाल्लो होतो, टेम्पोच्या टपावरून जंगलात कुठीतरी पडली."

"मंग उतरून पाहाचं ना!"

"वाघाचा रस्ता हाय. ड्रायव्हर म्हणे, सकाळी पाहू. सकाळी गेलो त काईच नाई."

"वाघानं नेली असन."

"हाव. ऑर्केस्ट्रा काढून राह्यला तो."

मी हसले. तोही हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "नानाजी दर आठवड्याले विचारते. मी सांगतो, दुरुस्तीले टाकली. सहा महिने झाले. कलर तोच भेटला, आकार तोच भेटला. आता ते हात फिरवून पाहातीन, एवढंच. त्यायले कळलं ना, त... मले त्यायच्याशिवाय कोणी नाई."

"खोट्या कामाले मी हात लावत नाई," मी म्हटलं आणि बोळा उचलला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पायरीवरूनच म्हणाला, "जयाबाई, चहा पेता का?" ताई नाही म्हणाला! मी गिटार ठेवून घेतली. आता कोणी म्हणेल, एवढ्यावर? तर हो, एवढ्यावरच.

जुन्या गिटारीचा फोटो एकच होता, तोही नाटकातला. त्यात लाल रंग आणि दिव्याचा उजेड यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"असं कुठीबी घासून जमत नाई," मी त्याला समजावलं. "बसणाराची जागा झिजते. हात ठेवणाराची झिजते. कसं वाजवते ते मले पाहा लागीन."

"मंग पाहा," तो म्हणाला आणि गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला.

मी पाहिलं. हातात खडू होता, म्हणून कोणाला काही बोलायची सोय नव्हती. कोपर टेकतो तिथे खूण केली. मनगट घासतं तिथे केली. एखादा सूर चुकला की तो अंगठ्याने गिटारीच्या कडेवर टकटक ठोकायचा, दोनदा, नेहमी एकाच जागी. तिथेही केली. मागच्या बाजूला त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल लागत होतं, तिथे तर मोठी फुली मारली.

मग काम सुरू झालं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मी रंग हळूहळू उतरवला, कडेला पार लाकूड दिसेपर्यंत. ते लाकूड अगदी गोरंपान निघालं, म्हणून हिरडा उकळून त्यात गंजके खिळे टाकले आणि ते काळं पाणी चिंधीने पाजत राहिले. स्क्रू मिठाच्या लिंबूपाण्यात बुडवले. गिटारीवरची पांढरी प्लास्टिकची पट्टी आमच्या चुलीवर धुरात टांगली, तर बाबा म्हणाले, "पोरी, आता हेबी शिजवून राह्यली का?" किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधून गिटारीच्या अंगावर आपटला तेव्हा पवनने डोळेच मिटून घेतले.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"तिले नाई. मले."

पाठीची पाळी आली.

"पट्टा काढ," मी म्हटलं.

"आँ?"

"कमरेचा पट्टा रे, भैताडा! चरे पाडा लागते."

तो इतका लाजला की मलाच कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. पट्टा देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि दोघांनीही हात लगेच काढला नाही. मग बाबा आत खोकले. मी बक्कल धरून असे काही चरे ओढले, जसं काही त्या गिटारीनेच माझं घोडं मारलं होतं.

हे असं चौदा दिवस चाललं. तो रोज यायचा, स्टुलावर बसायचा, मी म्हणेन ते धरायचा. त्याच्याबद्दल मला नको तेवढं कळायला लागलं. ऐकताना तो डावीकडे कलतो. खोटं बोलताना नाक खाजवतो. आणि नानाजींचा विषय निघाला की त्याचा अंगठा स्टुलावरच टकटक करतो. हे सगळं मी कोणाला सांगितलं नाही, हातातल्या कामात तेवढं उतरवत गेले. खोट्या कामाला हात लावत नाही म्हणणारी मी! रात्री पडल्या पडल्या स्वतःची लाज वाटायची, आणि सकाळी पायरीवर त्याच्या चपला दिसल्या की ती लाज कुठे जायची कोण जाणे.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "तूबी ये ना दसऱ्याले."

"मी काऊन?"

"मले एकट्याले हिंमत होणार नाई."

बाबांना सांगितलं, गिऱ्हाईकाच्या घरी काम दाखवायला जाते. बाबा म्हणाले, "पॉलिशचं काम दाखवाले की सोताले?" मी पवनच्या गाडीवर मागे जाऊन बसले.

सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धान निसवलं होतं, हवेला त्याचा गोडसर वास होता. गिटार माझ्या मांडीवर. सगळा रस्ता पवनचा अंगठा गाडीच्या मुठीवर टकटक करत होता.

नानाजींच्या ओसरीत पाटावर पेटी, तबला, घुंगरू मांडले होते, झेंडूची फुलं वाहिली होती. नानाजी बाजेवर बसले होते. स्वच्छ पायजमा, पांढरी बंडी. मी दाराशीच थांबले. पवनने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

नानाजींचा उजवा हात पुढून फिरला. कडेवर गेला. झिजलेल्या लाकडावर थांबला, आणि म्हातारा हसला. "आली बाई घरी."

माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी गिटार पालथी केली. बोटं चऱ्यांवरून गेली, परत आली, परत गेली. हसू मावळलं.

"पवन, हे काय होय?"

"पट्ट्याचे चरे, नानाजी. बक्कल लागून लागून..."

"तीस वर्सं मी मांडी घालून वाजवली. पायजम्यावर. मांगच्या दसऱ्यालेबी पाठ गुळगुळीत होती. नाडीनं चरे पडते का रे बाबू?"

अरे देवा! मी जमिनीकडे पाहिलं. इतकं बारीक काम केलं, आणि म्हातारा नेसतो काय हे विचारलंच नाही.

पवन खाली बसला. त्यांच्या पायाशी. टेम्पो, जंगल, सहा महिन्यांचं खोटं, सगळं सांगितलं त्याने, नाक न खाजवता. नानाजी ऐकत राहिले. दृष्टी गेलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

"गिटार गेली त गेली," ते म्हणाले. "लाकूडच होतं ते. पण डोळ्यानं आंधळा होतो मी, तू मले पुराच आंधळा समजला."

पवनने डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मला राहवलं नाही.

"नानाजी, चरे मी पाडले. चूक माही हाय."

"कोण होय?"

"जया. मूलची. पॉलिशवाल्या मनसारामभाऊची पोरगी."

"इकडं ये." त्यांनी गिटार पुन्हा उताणी केली. "हे कोपर माहं नोहे. माहं इतकं खाली येत नोहतं. अन् हे कडेवरचं... इथी ठोकते हा. चुकला का दोनदा ठोकते, लहान होता तवापासून. हे तुले यानं सांगतलं?"

"नाई."

"मंग?"

"पाह्यलं," मी म्हटलं.

नानाजींची बोटं त्या टिचभर जागेवर किती वेळ होती, मला सांगता येणार नाही.

"पोरी, हे माही गिटार नाईच. तू त पुरं पोट्टंच उतरवलं लाकडावर. डोळे होते तवा मीबी इतकं नाई पाह्यलं याले."

पवनने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"ठेव पूजेत," नानाजी त्याला म्हणाले. "माही म्हून नाई, तुही म्हून. अन् माफ नाई केलं मी तुले. रोज संध्याकाळी इथी येऊन वाजवाची. राग गेला का सांगीन."

"रोज येतो, नानाजी," पवन म्हणाला.

मी तोवर अंगणात पळाले होते. तो मागून आला, डोळे पुसत. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, "जलमभर पायजमा पाह्यला त्यायचा, तुह्या ध्यानात नाई आलं?"

"मी गिटार कुठी पाहून राह्यलो होतो..."

"मंग काय पाहून राह्यला होता?"

"तुह्या कानामागं हिरड्याचा डाग लागला होता. दहा दिवस."

माझा हात आपोआप कानामागे गेला. "अन् सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं त पुसला असता ना तू."

त्याने खिशातून आपट्याचं पान काढलं, चुरगळलेलं, मधे दुमडलेलं. सकाळपासून जपलं होतं की काय कोण जाणे. पान धरलेल्या हाताचा अंगठा टकटक करत होता, दोनदा.

"जया... सोनं घे. अन् मले... म्हंजे, जलमभराचं विचारून राह्यलो."

मी पान घेतलं. "हाव," म्हटलं.

"काय म्हणे ते?" आतून नानाजींचा आवाज आला. "मले ऐकू नाई आलं!"

"हाव म्हतलं, नानाजी!" मी ओरडले, आणि शेजारच्या दारात कोणीतरी डोकावलं तरी मला काही वाटलं नाही.

आत गिटारीची तार वाजली. एकच, मोकळी, जराशी बेसूर. नानाजींचा उजवा हात अजून शाबूत होता.