मापाचा माणूस

राज्याचा सगळा भार शेवटी एका माणसाच्या खांद्यांवर असतो, आणि आमच्या राज्यात तो माणूस मी होतो. म्हणजे खांदे माझे होते. राज्य दुसऱ्याचं होतं, आणि भार म्हणाल तर अर्धवट शिवलेल्या एका कोटाचा.

कपडे बेतताना महाराजांना कुणी हात लावलेला चालत नसे. टाचणीची तर बातच सोडा. त्यामुळे त्यांचा दरबारी कोट अंगावर चढवून बघायला त्यांच्याच मापाचं दुसरं कुणी तरी लागे. माझी छाती, खांदे, हात आणि, महाराजांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, पोटसुद्धा तंतोतंत त्यांच्याएवढं होतं. हा योगायोग प्रथम लक्षात आला तो माझ्या बायकोच्या थोरल्या भावाच्या. ते राजवाड्याचे मुख्य शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणे. लग्नात माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, बहीण सासरी निघाली म्हणून.

मी मोजणी खात्यातला. उभा जन्म साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मलाच मोजायला घेतलं गेलं. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला सोपं जाईल.

मास्तरांचा कारखाना राजवाड्यासमोर, रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर होता. लांबच लांब टेबल, त्यावर मांडी घालून बसलेले मास्तर, गरम इस्त्रीखाली ओल्या लोकरीचा वास, धाग्याला लावायच्या मेणाचा वास. दरबारी कोटात कापडाच्या आत जाड कॅनव्हास असतो, त्यात घोड्याचे केस, आणि हे सगळं हाताने, बारीक तिरप्या टाक्यांनी जोडलेलं. बाहेरून एक टाका दिसत नाही. राजाच्या छातीचा रुबाब असतो तो असा; आत घोडा असतो.

कोपऱ्यात सासूबाई बसत. महाराजांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या कोटांची काजं त्यांनी केलेली. त्यातच डोळे गेले. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली कळे. मांडीवर डबा घेऊन त्या बटणं चाचपडून वेगळी करत, आणि संपली की पुन्हा एकत्र करून पुन्हा वेगळी करत.

कोट अंगात असताना दोन नियम होते: बसायचं नाही आणि बोलायचं नाही. बसायचं नाही ते कोटासाठी. बोलायचं का नाही, असं मी एकदा विचारलं, तेव्हा मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले, ‘‘भावोजी, तुम्ही बोलायला लागलात की पोट हलतं.’’ मला ते पटलं. आमच्या घरातही साधारण तसंच मत होतं.

राज्यारोहणाच्या वार्षिक सोहळ्यासाठी नवा कोट चालला होता. खांद्यावर सोनेरी झालरी टाचलेल्या, बाकी सगळीकडे कच्च्या दोऱ्याचे पांढरे टाके. मास्तर इस्त्रीचे कोळसे आणायला खाली गेले. मी खिडकीपाशी, उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो.

सासूबाईंनी मान वर केली. डबा खाली ठेवला. टेबलाच्या कडेने चाचपडत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि हात जोडून वाकल्या.

‘‘महाराज, तुम्ही कशाला जिने चढलात?’’

मला हसू फुटणार होतं.

‘‘एक मागायचं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या पोराला आता मोकळं करा. माझ्यासारखे त्याचेही डोळे जातील. तो स्वतःहून कुणाला नाही म्हणायचा नाही. तुम्हीच म्हणा.’’

‘‘दिली मोकळीक.’’

आवाज जरा जाड काढला होता. काढला असणार. थट्टा करायची असं ठरवल्याचं मला आठवतं. तोंड उघडल्याचं आठवत नाही.

त्यांनी कोटाची कड डोळ्यांना लावली आणि रडू लागल्या. ‘आई, मी तुमचा जावई’, एवढंच म्हणायचं होतं. पण रडणाऱ्या म्हातारीला ‘तुम्हाला फसवलं’ असं सांगायला जी छाती लागते, ती महाराजांच्या मापाची असूनही माझ्याकडे नव्हती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

मास्तर वर आले, टेबलावर चढले, सुईत दोरा ओवला. पहिला टाका घातला, आणि दोरा अख्खाच्या अख्खा कापडातून बाहेर आला. त्यांनी गाठ मारली. गाठही आली.

‘‘मेण कमी पडलंय,’’ ते म्हणाले.

खडूने रेघ मारली. उठून इस्त्री घेऊन येईपर्यंत रेघ नव्हती. सुई ढकलायला घातलेला अंगुस्ताना बोटावरून घरंगळून टेबलाखाली गेला. मी तो शोधून द्यायला वाकलो, कारण वाकलं की चेहरा दिसत नाही.

आठवडाभरात त्यांनी मला आपलं बोट दाखवलं. सुई टोचून टोचून टोकाला जी खरखरीत जागा झाली होती, ती गेली होती. तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी मऊ कातडी.

‘‘बघा, भावोजी,’’ मास्तर खूश होऊन म्हणाले. ‘‘किती छान लागतंय.’’

मग ते सकाळी फिरायला जाऊ लागले. परत येताना शीळ घालत येत. कोट माझ्या बायकोने हाती घेतला. बेतलेला भावाने, शिवायचा बहिणीने. तिचे हात चांगले होते, पण ती मास्तर नव्हती, आणि हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

‘‘अहो,’’ दात लावून दोरा तोडत ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना? दादाला काय झालं?’’

‘‘हवा बदलली असेल.’’

‘‘हवेने माणूस टाका विसरतो?’’

‘‘विसरतात काही लोक.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. संसारात अशा नजरेची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात राजवाड्याच्या पहाऱ्यावरचा जमादार जिना चढून आला. अंगात लाल कोट, काखेत त्याच कोटाची बाही.

‘‘मास्तर, सलाम ठोकला तर हात वर गेला आणि बाही खालीच राहिली,’’ तो म्हणाला. ‘‘साहेब म्हणतात, निदान सलाम तरी पुरा घालत जा.’’

तो कोट मास्तरांनी ऐन उमेदीत शिवलेला. मास्तरांनी कौतुकाने त्यावरून हात फिरवला. ‘‘वा,’’ ते म्हणाले, ‘‘कुणाच्या हातचं काम?’’

जमादाराला ही थट्टा वाटली. तो मनापासून हसला. मी पण हसलो.

बायकोने बाही उलटी केली. धागा तिथेच होता, मेण लावलेला, सरळ, कुठेही न तुटलेला. तिने कापड खिडकीशी धरलं. उसवलेल्या शिवणीवर सुईच्या भोकांची रांग दिसते. कितीही जपून उसवा, ती जात नाही. इथे कापड गिरणीतून आल्यासारखं कोरं होतं. एकही भोक नव्हतं.

पहाऱ्यावरच्या शिपायांच्या अंगावरचा एकूण एक कोट मास्तरांच्या हातचा होता. सोहळ्यात ते सगळे रांगेत उभे राहणार होते, आणि त्यांच्या अंगावर मास्तरांचं उभ्या जन्माचं नाव. त्या दुपारी मी ठरवलं, दिलेला शब्द परत घ्यायचा. बायको दोरा आणायला गेल्यावर कोट अंगात चढवला, खिडकीशी उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो आणि जाड आवाजात म्हणालो, ‘‘आम्ही दिलेली मोकळीक परत घेतो.’’

सासूबाईंनी मान वर केली नाही.

‘‘जावईबापू, पोट आत घ्या. टाके ताणले जातील.’’

माझे कान तापले. पण आता मागे फिरणंही शोभलं नसतं.

‘‘आई, त्या दिवशीही मीच होतो. थट्टा केली मी.’’

‘‘छे.’’ त्या बटणं चाचपत राहिल्या. ‘‘ह्या कोटांची काजं करण्यात माझा जन्म गेला. कोट भरलेला आहे की नुसता टांगलाय, ते मला कडेला हात लावून कळतं. त्या दिवशी महाराजच आले होते.’’

‘‘मग मी कुठे होतो?’’

त्यांनी थोडा विचार केला.

‘‘तुम्ही नव्हतात,’’ त्या म्हणाल्या.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही चौघं कारखान्याच्या खिडकीत होतो. खाली रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. पलीकडे राजवाड्यासमोर लाल कोटांच्या रांगा, उन्हात चमकणारी बटणं.

महाराज सज्जात आले. बायको खिडकीतून पुढे वाकली. तिचा कोट खांद्यावर नीट बसला होता.

बँड सुरू झाला. जमादाराने हुकूम दिला. सगळे उजवे हात एकदम वर गेले.

फाटल्याचा आवाज आला नाही.

बाह्या गळून पडल्या. मग कॉलर. मग पाठी, दोन दोन तुकड्यांत, सावकाश, पानं गाळताना झाडाला घाई नसते तशा.

कुणी हललं नाही. तशी शिस्तच होती. शिपाई बनियनवर, सलामाचा हात कपाळाला लावून, समोर बघत उभे राहिले. त्यांच्या माना लाल झालेल्या इतक्या लांबूनही दिसत होत्या. रस्त्यावरच्या माणसांनी आपल्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

बँड वाजतच राहिला.

महाराजांनी मान वळवली आणि थेट आमच्या खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे नव्हे. माझ्या शेजारी सासूबाईंनी हात जोडले होते; त्यांना तर दिसतही नव्हतं. महाराजांनी मान किंचित लववली, ठरलेलं काम झालं असं कळवावं तशी.

बायको खिडकीतून मागे झाली. ‘‘दादाचं नाव गेलं,’’ ती म्हणाली, कुणाला उद्देशून नव्हे. मी तिच्याकडे वळलो. आता सांगतो, असं मनाशी म्हटलं. माझ्याच माणसांत, माझ्याच आवाजात.

तेवढ्यात मास्तर खिडकीतून ओणवे होऊन म्हणाले, ‘‘काय कापड आहे बघा. एवढं चांगलं कापड, आणि अजून कुणी शिवायला कसं घेतलं नाही?’’

मग ते माझ्याकडे वळले. स्वतःच्या सदऱ्याची एक बाजू त्यांनी मुठीत धरली होती. सदरा त्यांनीच शिवलेला. दुसऱ्या हाताच्या मऊ तळव्यावर एक बटण होतं, आणि ते जिथून निघालं होतं तिथलं कापड गुळगुळीत होतं.

‘‘भावोजी,’’ जरा लाजत ते म्हणाले, ‘‘तुमच्या ओळखीचा कुणी शिंपी आहे का हो? एवढं एक बटण लावून हवं होतं.’’