साठ हातपंप आणि एक आडनाव

लोकेश पहिल्यांदा दुकानात आला तो रस्ता विचारायला. खांद्यावर रिकाम्या बाटल्यांची पिशवी, पँटवर गुडघ्यापर्यंत धूळ, आणि चेहऱ्यावर चुकलेल्या माणसाचा ओशाळा भाव. निशा काउंटरमागे एका मोबाइलचा कीपॅड साफ करत होती. तिने मान वर न करता रस्ता सांगितला. मग मान वर केली... आणि तोच रस्ता पुन्हा एकदा, जरा सावकाश सांगितला.

सावली गावच्या बसस्टँडसमोरचं हे दुकान जहीरभाऊंचं. आधी तिथे घड्याळं दुरुस्त व्हायची. मोबाइल आले तशी घड्याळं मागच्या भिंतीवर गेली आणि आयटीआय केलेली निशा पुढच्या काउंटरवर आली. २००८चा फेब्रुवारी संपत आला होता.

रस्ता कळूनही लोकेश जागचा हलला नाही. त्याने खिशातून फोन काढला. रंग उडालेला, मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं. काम त्याचं कंत्राटी होतं : साठ गावांतल्या साठ हातपंपांचं पाणी बाटलीत भरून तपासायला द्यायचं. आता फॉर्ममध्ये प्रत्येक पंपाचे अक्षांश-रेखांशही मागितले होते. ऑफिसात जीपीएसचं यंत्र एकच, आणि त्याच्यासाठी रांग. मार्चअखेर यादी दिली तर पुढचं वर्ष काम, नाहीतर घरी.

"या फोनले कळू शकते का, की तो कुठी आहे?" त्याने विचारलं.

"त्याले कळून काय फायदा? तुमालेच कळून नाई राह्यलं."

डोळ्याला भिंग लावून बसलेले जहीरभाऊ खांदे हलवत हसले. लोकेशही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि निशाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगीचच खाली पडला.

पण गोष्ट तिने मनावर घेतली. फोन जुना असला तरी त्यात ब्लूटूथ होतं. तिने नागपूरहून काडेपेटीएवढी जीपीएसची डबी मागवली, फोनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम टाकला आणि दोघांची गाठ घालून दिली. दोघांची म्हणजे फोनची आणि डबीची. बाकीच्या गाठींचा विचार तिने तेव्हा केला नव्हता, असं ती नंतर शपथेवर सांगायची.

दुकानाच्या टिनाखाली डबीला आकाशच दिसेना. म्हणून ती दोघं बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर जाऊन उभी राहिली. पलीकडे पळस पेटला होता आणि वाऱ्यावर मोहाचा गोडसर वास येत होता. डबीला निदान चार उपग्रह सापडले पाहिजेत, मगच आकडे उमटतात, असं तिने समजावलं. दोघांनी एकाच बोटभर स्क्रीनवर डोकी वाकवली.

"तीन," तो म्हणाला. "चौथा येऊन नाई राह्यला."

"येते. घाई काऊन आहे?"

"मले कुठी घाई आहे..."

मग चार आले, पाच झाले, सहा झाले. सहा म्हटल्याबरोबर निशाचं काळीज लक्‌कन हललं.

त्याला कारण होतं. निशा गोंड, आणि लोकेशला त्याच्या आईशी फोनवर गोंडीत बोलताना ऐकल्यामुळे तोही आपल्यातलाच, हे तिला कळलं होतं; तिची गोंडीही त्याच्या कानावर पडली होती. गोंडांत आडनावावरून माणूस किती देवांचा ते समजतं : चार, पाच, सहा की सात. सारख्या देवांची मुलगा-मुलगी म्हणजे भाऊ-बहीण. तिथे लग्नाचं नावही काढायचं नाही. निशा सहा देवांची. तिच्या गावच्या सीताने सारख्या देवांच्या मुलावर जीव लावला होता. वडीलधाऱ्यांनी दोघांना वेगळं केलं, आणि सीता त्यानंतर माहेरच्या सणालाही आली नाही.

लोकेशचं आडनाव मात्र दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. जहीरभाऊंनी चिठ्ठीवर नुसतं "लोकेश बाटलीवाला" लिहून ठेवलं होतं. विचारलं की कळणार होतं, आणि कळलं की कदाचित संपणार होतं. तोंडाची एवढी तिखट पोरगी, पण हा एक प्रश्न काही तिच्या ओठांवर येईना.

आकडे उमटले तेव्हा लोकेशने विचारलं, की शेवटी आकड्याच्या डोक्यावर ही बारीक रेघ कसली? निशाचं लक्ष त्याच्या खळीकडे होतं. "ते सोडा," ती म्हणाली. "पहिल्या दोन आकड्यांनंतर टिंब देजा अन् बाकीचे लिहून टाकजा."

मार्चभर तो येत राहिला. कधी डबीची बॅटरी उतरली म्हणून, कधी दिवा लागत नाही म्हणून. निशाने हात लावला की दिवा मुकाट लागायचा. येताना पळसाच्या पानात मोहाची ताजी फुलं आणायचा आणि काउंटरवर ठेवून दुसरीकडेच बघायचा. जहीरभाऊ म्हणायचे, एवढी आजारी डबी आपण उभ्या जन्मात पाहिली नाही.

सव्वीस मार्चला तो आला तो हात हलवत. ऑफिसात त्याचे आकडे नकाशावर घातले, आणि साठच्या साठ हातपंप मूल गावाच्या पलीकडे, घनदाट जंगलात जाऊन पडले. तिथे पाणी प्यायला वाघाशिवाय कोणी नाही. घरी बसून आकडे ठोकून दिले, असा साहेबाचा समज झाला होता. तीन दिवसांत खुलासा नाही आला तर कंत्राट बंद.

"तुमच्या डबीचा दोष नसन," लोकेश म्हणाला. "माझंच कुठी तरी चुकलं."

निशाने त्याच्या खिशातून डोकावणारी यादी ओढून घेतली. दोन वेळा वाचली, काही उमगेना. जहीरभाऊंनी भिंग काढलं आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"टिंबाच्या पुढचा आकडा साठाच्या वर एकदाबी काऊन नाई गेला?" ते म्हणाले. "घड्याळवाल्याले साठ लवकर दिसते, पोरी."

साठ. मिनिटं! ती बारीक रेघ मिनिटांची खूण होती. अंशाच्या पुढची मिनिटं साठाने भागून मगच टिंबापुढे लिहायची होती. गप्प बसायला वाव होता. तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता. शिवाय जिच्या एका बेफिकीर शब्दापायी महिनाभराची पायपीट मातीत जाणार होती, तिच्याकडे तो पुन्हा कशाला येईल?

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "रेघ सोडा म्हणून मीच सांगितलं होतं. माझं लक्ष... माझं लक्ष नव्हतं."

लोकेश हळूच म्हणाला, "तुमची असन तर बरं आहे. तुमची चूक सुधरते. माझी कोण सुधरवते?"

रडू यावं असं त्यात काही नव्हतं, तरी निशाचे डोळे भरले.

संध्याकाळपर्यंत दोघं बसली. तिने कॅल्क्युलेटरवर भागाकार करायचे, त्याने लिहायचे. पंप एकेक करून जंगलातून आपापल्या गावात परतले. शेवटी साहेबाला खुलासा लिहायचा होता. कागद निशाने घेतला, कारण चूक कशी झाली ते तीच सांगू शकत होती. खाली दोघांची पूर्ण नावं आणि सह्या.

तिने "लोकेश" लिहिलं आणि पेन थांबलं.

"पुढं?" तिने विचारलं.

लोकेशचीही नजर कागदावर खिळली होती. "तुमी पहिले लिहा," तो म्हणाला.

तेव्हा तिला कळलं, की महिनाभर हाही त्याच प्रश्नाला घाबरून बॅटरीची सबब घेऊन येत होता. तिने एका दमात लिहिलं : निशा पत्रू कोडापे.

त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग तिच्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या नावापुढे मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : दसरू मडावी.

सहा आणि सात! जहीरभाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघं कागदाकडे बघून का हसताहेत, ते त्यांना कळेना. शेवटच्या बसचा हॉर्न वाजला आणि लोकेश कागद घेऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. साहेबाने यादी नकाशावर घालून पाहिली होती. पंप जागच्या जागी होते. काम राहिलं. एवढं सांगून झालं तरी त्याने फोन ठेवला नाही.

"मायले बी फोन केला होता," तो म्हणाला. "तिनं विचारलं, पोरगी किती देवाची? मी म्हटलं, सहा. तं खुश झाली. मंग म्हणे, पोरीले विचारलं का रे?"

"मंग?"

"मंग... आता विचारून राह्यलो."

एरवी त्याच्या प्रत्येक प्रश्नाला निशाकडे उलटा प्रश्न तयार असायचा. आज तिला तो नको होता. हा माणूस तिला हवा होता, आणि आता तसं म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. ती "हो" म्हणाली. पण आवाजच फुटला नव्हता, म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.